तक्त्याबाहेरची गाणी

एखाद्या गायकाची सर्वांत लोकप्रिय गाणी कोणती, हा प्रश्न वरवर नुसता हिशेबाचा वाटतो. आकडे गोळा करावेत, उतरत्या क्रमाने लावावेत, की झाले. बिनाका गीतमालेच्या पायऱ्या मोजत वाढलेल्या माझ्या पिढीला तर ही सवय लहानपणीच लागलेली. त्यामुळे ‘द पीनट्स’ या जपानी जुळ्या बहिणींची गाणी अभ्यासायला घेतली तेव्हा मी सरळ ‘ओरिकॉन’ या जपानी विक्री-तक्त्याकडे वळलो आणि पहिल्याच पायरीवर घसरलो. माझ्या यादीत १९७० सालचे ‘ओसाका नो हितो’ दिमाखात बसले होते. ‘कावाईई हाना’, ‘फुरिमुकानाइदे’, ‘कोई नो बाकान्सु’ ही ज्यांच्यामुळे या बहिणी घराघरांत पोचल्या ती गाणी कुठेच नव्हती. कारण अगदी साधे. ओरिकॉनचा साप्ताहिक तक्ता सुरू झाला जानेवारी १९६८ मध्ये. बहिणींचा बहर त्याआधीच्या नऊ वर्षांतला. ज्या काळात त्यांची गाणी सर्वांत जास्त गायली गेली, त्या काळात हा तक्ताच अस्तित्वात नव्हता.

यादी फाडून टाकली. मग प्रत्येक गाणे कुठून आले, कुठे गेले आणि कोणाच्या तोंडी राहिले, एवढेच शोधायचे ठरवले. त्या शोधात जे हाती आले ते इथे मांडतो.

इतो घराण्यातल्या या दोघी १ एप्रिल १९४१ रोजी आइची प्रांतात जन्मल्या आणि नागोयात वाढल्या. एकीचे खरे नाव हिदेयो, दुसरीचे त्सुकिको. पहिल्या नावात सूर्योदय आहे, दुसऱ्यात चंद्र. शाळकरी वयात ‘इतो सिस्टर्स’ म्हणून नागोयात गात असताना वातानाबे प्रॉडक्शन्सची नजर त्यांच्यावर पडली. शाळा सुटली, टोकियो आले. तिथे त्यांना एमी आणि युमी ही नवी नावे मिळाली, आणि दोघींना मिळून एक नाव : द पीनट्स, एका शेंगेतले दोन दाणे. मियागावा हिरोशी या संगीतकाराने त्यांच्याकडून कसून तयारी करून घेतली. (जपानी नावे इथे त्यांच्या रीतीने, आडनाव आधी, दिली आहेत.)

पहिली तबकडी एप्रिल १९५९ ची, ‘कावाईई हाना’. हे गाणे जपानी नव्हते. सिडनी बेशे या अमेरिकन जॅझवादकाची ‘पेतित फ्लर’ ही १९५२ ची धून त्या सुमारास जगभर गाजत होती. तिच्यावर जपानी शब्द बसवले होते. त्याच वर्षीचे ‘जोनेत्सु नो हाना’ हे तर बीथोव्हनच्या ‘फ्युर एलिझे’वर बेतलेल्या पाश्चात्त्य गाण्याचे जपानी रूप. तेव्हाच्या जपानी पॉपचा मोठा भाग असाच होता : चाल परदेशी, शब्द स्वदेशी. याला चोरी म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटतात. आपल्याकडच्या चालींचे उगम शोधण्यात बरीच वर्षे घालवल्यावर मला तो आरोप उथळ वाटतो. चाल उसनी असेल. आवाज उसना नव्हता. जुळ्यांच्या कंठांचा पोत इतका सारखा, की दोन सूर वेगवेगळे असूनही कानाला एकच गळा दुभंगल्यासारखा वाटतो. ध्वनिमुद्रणात एकाच गायकाचा आवाज दोनदा नोंदवून जो परिणाम साधतात, तो या मुली समोर उभ्या राहून साधत होत्या.

काळही त्यांच्या बाजूने होता. त्याच एप्रिलमध्ये, १० तारखेला, युवराज अकिहितो यांचा विवाह झाला आणि ती मिरवणूक पाहण्यासाठी जपानी कुटुंबांनी दूरचित्रवाणी संच विकत घेण्याचा सपाटा लावला. १९६२ पर्यंत नोंदलेल्या संचांची संख्या एक कोटीवर गेली. १९६१ पासून ‘शाबोन्दामा हॉलिडे’ या कार्यक्रमातून दर रविवारी संध्याकाळी या दोघी त्या संचांवर दिसू लागल्या. शाबोन्दामा म्हणजे साबणाचा फुगा. प्रायोजक साबण कंपनीच होती. कार्यक्रम १९७२ पर्यंत चालला. ‘लोकप्रिय’ या शब्दाचा अर्थ इथे बदलतो. तबकडी विकत न घेणाऱ्या माणसालाही त्यांची गाणी पाठ होती, आणि त्या माणसाची नोंद कोणत्याही विक्रीच्या आकड्यात सापडणार नाही.

आता त्या गाण्याकडे येतो, जे जगात त्यांचे सर्वांत जास्त ऐकले गेलेले असावे असे मला वाटते आणि जे ते गाणे म्हणून कोणी मोजत नाही. ३० जुलै १९६१ रोजी तोहो कंपनीचा ‘मोसुरा’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ‘गोजिरा’वाले होन्दा इशिरो. अणुचाचण्यांनी होरपळलेल्या एका बेटावर हातभर उंचीच्या दोन जुळ्या मुली सापडतात. एक परदेशी धंदेवाईक त्यांना पळवून टोकियोला आणतो, पिंजऱ्यात ठेवतो, तिकीट लावून रंगमंचावर गायला लावतो. त्या गातात, आणि ते गाणे ऐकून त्यांचा रक्षणकर्ता, एक महाकाय पतंग, अंड्यातून बाहेर येऊन टोकियोकडे निघतो. तीनच वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या टोकियो टॉवरवर कोष विणतो. प्रेक्षकांना ते मनोरंजन वाटते. मुली प्रत्यक्षात मदतीची हाक देत असतात. नागोयाहून आणलेल्या, नावे बदललेल्या वीस वर्षांच्या दोन मुलींना ही भूमिका देताना कोणाच्या मनात काही चमकून गेले असेल का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

हे गाणे समजून घ्यायला मी जपानी शब्दकोश उघडून बसलो. माझे जपानी मोडकेतोडके, पण इतके नक्कीच नाही की एकही शब्द सापडू नये. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना कानाला दोन ओळखीचे शब्द लागले, जपानी उच्चारात वाकलेले : एक आपल्या ‘शक्ती’सारखा, दुसरा ‘दुवा’सारखा. तेव्हा उजेड पडला. गाणे इंडोनेशियन भाषेत आहे. जपानीत लिहिलेल्या मजकुराचे टोकियोत शिकणाऱ्या एका इंडोनेशियन विद्यार्थ्याच्या मदतीने भाषांतर करून घेतले होते. संस्कृत आणि अरबी दोन्हींचे संस्कार झालेली ती भाषा, म्हणून माझ्या मराठी कानाला जे ऐकू आले ते बहुतेक जपानी प्रेक्षकांना ऐकू येण्याचा संभव नव्हता. त्यांच्या लेखी ती एका काल्पनिक बेटाची अगम्य बोली होती.

पण ते बेट तितके काल्पनिक नव्हते. इंडोनेशिया १९४२ ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. आणि या गाण्याला चाल देणारे कोसेकी युजी कोण? १९३७ चे ‘रोएई नो उता’ आणि १९४३ चे ‘वाकावाशी नो उता’ ही युद्धगीते त्यांचीच. पहिले गात सैनिक चीनमध्ये गेले, दुसरे नौदलाच्या शिकाऊ वैमानिकांचे. १९४४ मध्ये इंफाळच्या मोहिमेच्या वेळी सैन्याने त्यांना ब्रह्मदेशात पाठवले होते. (त्याच मोहिमेत सांगशाकच्या टेकडीवर त्यांच्या देशाच्या फौजेसमोर मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण उभी होती. हे थोडे विषयांतर, पण मला ते टाळता आले नाही.) युद्धानंतर त्यांनी १९४९ मध्ये ‘नागासाकी नो काने’ला चाल दिली आणि पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे संचलनगीतही रचले. मोसुराचे गाणे या दोहोंच्या मधले. ज्यांच्या मुलुखात आपली गीते गात सैन्य गेले, त्यांच्याच भाषेत, बाँबने भाजलेल्या बेटाच्या वतीने, टोकियोवर संकट बोलावणारी प्रार्थना. कोसेकींनी ती प्रायश्चित्त म्हणून रचली असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. ते कामाला नाही न म्हणणारे व्यावसायिक संगीतकार होते. पण हा इतिहास त्या गाण्यात आहे, रचणाऱ्याच्या मनात असो वा नसो.

‘कोई नो बाकान्सु’ची गोष्ट हलकी आहे, निदान सुरुवातीला. साल १९६३, चाल मियागावांची, शब्द इवातानी तोकिको यांचे. ‘बाकान्सु’ हा फ्रेंच शब्द, अर्थ लांबलचक सुट्टी. त्या वर्षी एका वस्त्रोद्योग कंपनीने उन्हाळी कपड्यांच्या जाहिरातीत तो वापरून सगळ्यांच्या तोंडी केला होता. फ्रेंच माणसासारखी महिनाभराची सुट्टी जपानी नोकरदाराला स्वप्नातही मिळत नव्हती. तो ऑलिंपिकपूर्वीच्या बांधकामांच्या धुळीत राबत होता. समुद्रकिनारा, ऊन आणि प्रेम यांचे हे गाणे त्याला तीन मिनिटांची रजा देत होते. चालीत जॅझचा झोका आहे, आणि ही चाल उसनी नाही. चारच वर्षांत या बहिणी आयात मालावरून स्वतःच्या मालावर आल्या होत्या.

आणि तो माल निर्यातही झाला. दशकाच्या मध्याला हे गाणे सोव्हिएत संघात पोचले. लिओनिद देर्बेन्योव्ह यांनी रशियन शब्द लिहिले, निना पान्तेलेयेवाने ते गायले, आणि ते इतके रुजले की पिढ्यान्‌पिढ्या रशियन माणसे ते आपल्या समुद्राचे, आपल्या उन्हाळ्याचे गाणे म्हणून गातात. जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यात तेव्हा शांतता करारही झालेला नव्हता. चालीला त्याचे काही पडले नव्हते. मात्र एमी आणि युमी तिच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांचा आवाजच तिथे नव्हता. अमेरिकेत उलटे झाले. एप्रिल १९६६ मध्ये एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्या स्वतः उभ्या राहिल्या, पण गायल्या ‘लव्हर, कम बॅक टू मी’, म्हणजे अमेरिकेचेच जुने गाणे. एका देशात गाणे गेले, गायिका नाहीत. दुसऱ्यात गायिका गेल्या, गाणे नाही.

१९६७ च्या ‘कोई नो फूगा’बद्दल थोडक्यात. शब्द नाकानिशी रेई, चाल सुगियामा कोइची. हेच सुगियामा पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमच्या संगीतामुळे जगाला माहीत झाले. नगाऱ्यासारख्या टिंपनीच्या ठोक्यांनी उघडणारे, एका आवाजामागून दुसरा पळवणारे हे गाणे मला त्यांच्या सगळ्या गाण्यांत सर्वांत पक्के वाटते. १९७२ मध्ये तर त्या मंचावर किंग क्रिमसनचे ‘एपिटाफ’ गायल्या. ते ऐकल्यावर ‘गोड जुळ्या मुली’ हे वर्णन लिहायला माझा हात धजत नाही.

१९७५ च्या वसंतात, चौतिसाव्या वर्षी, दोघींनी निवृत्ती घेतली. त्याआधी १९५९ ते १९७४ अशी सलग सोळा वर्षे त्या एनएचकेच्या वर्षअखेरच्या ‘कोहाकु’ गायनसोहळ्यात गायल्या होत्या. नंतर पुन्हा व्यासपीठावर आल्या नाहीत. एमी २०१२ मध्ये गेल्या, युमी २०१६ मध्ये. मधल्या काळात, २००४ साली, दोन तरुण मुलींच्या ‘डब्ल्यू’ नावाच्या जोडीने आपली पहिली तबकडी काढली. गाणे निवडले ‘कोई नो बाकान्सु’.

एमीच्या डोळ्याजवळ एक तीळ होता. सुरुवातीच्या वर्षांत दोघी हुबेहूब सारख्या दिसाव्यात म्हणून युमीच्या चेहऱ्यावर तो रंगाने काढत असत. माझ्याकडे एका जुन्या वेष्टनाचे छायाचित्र आहे, त्यात दोघींच्या डोळ्यांजवळ ठिपका दिसतो. भिंग लावून मी कितीदा तरी पाहिले. खरा कोणता, ते अजून ओळखता आलेले नाही.