मेश (स्क्रॅच)

मेश : वेगवेगळ्या संगणकांवर चालणारे स्क्रॅचचे प्रकल्प एकमेकांना जोडणारी सोय. ठोकळे जुळवून प्रोग्रॅम लिहायचे स्क्रॅच हे साधन अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. मेश त्याच्या १.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत होती, पण दडवलेली. नेहमीच्या मेनूत ती दिसत नसे. स्क्रॅचचा स्क्वीक भाषेत लिहिलेला कोड उघडून मेश चालू करावी लागे.

एक संगणक यजमान होई आणि बाकीचे त्याचा आयपी पत्ता टाकून त्याला जोडले जात. त्यानंतर एका प्रकल्पाने सोडलेला संदेश सगळ्यांकडे पोहोचे. एका मुलीने स्पेसबार दाबल्यावर ‘उडी’ हा संदेश सोडला, की पलीकडच्या बाकावरच्या मुलाच्या पडद्यावरचे मांजर उडी मारी. अट एवढीच, की त्याच्या प्रकल्पात त्याच नावाचा संदेश झेलणारा ठोकळा असावा. एकाने ‘उडी’ आणि दुसऱ्याने ‘उडी१’ लिहिले, तर काहीच घडत नसे. मग दोघांना आधी बसून नावे ठरवावी लागत. वर्गाच्या दृष्टीने मेशची खरी कमाई हीच. सामाईक चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) किमतीही इतरांना सेन्सरच्या आकड्यांसारख्या वाचता येत, त्यामुळे प्रश्नमंजूषेचे गुण शिक्षकांच्या पडद्यावर जमा करणे सोपे होते. ही देवाणघेवाण ४२००१ या पोर्टवरून चाले. पायथनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅमही त्यात सामील होऊ शके. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचे दिवे आणि बटणे स्क्रॅचला जोडणाऱ्यांनी याच दाराचा उपयोग केला.

२०१३ च्या २.० आवृत्तीत मेश राहिली नाही. त्या जागी क्लाउड चले आली. ती स्क्रॅचच्या सर्व्हरवर असतात, त्यासाठी इंटरनेट आणि खाते लागते, आणि त्यांत फक्त आकडे मावतात. मुलांनी त्यांतून गप्पा मारू नयेत, असा स्क्रॅचच्या साइटचा नियम आहे. मुले मात्र अक्षरांना आकडे देऊन शब्द धाडण्याच्या युक्त्या काढतातच. क्लाउड चलांची ही बंधने सुरक्षिततेसाठी योग्य असली, तरी इंटरनेट नसलेल्या वर्गासाठी मेश अधिक सोयीची होती.

मेशचा धागा पुढे नेणारे एक साधन म्हणजे नेट्सब्लॉक्स. अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ते स्नॅप या स्क्रॅचसारख्याच ठोकळ्यांच्या साधनावर उभारले गेले. त्यात संदेशाबरोबर माहितीही पाठवता येते, शिवाय नकाशे, हवामान, भूकंपाच्या नोंदी यांसारखी खरी माहिती प्रकल्पात मागवता येते.

इंटरनेटशिवाय जोडणी हवी असेल, तर बीबीसीचा मायक्रोबिट हा छोटा संगणक आज सर्वांत सोपा. त्यातला रेडिओ थेट शेजारच्या मायक्रोबिटशी बोलतो. मायक्रोबिटचे प्रोग्रॅम लिहायच्या मेककोड या साधनाच्या ठोकळ्यांत दोघांनी ० ते २५५ पैकी एकच गट क्रमांक निवडला की झाले. मात्र एकाच खोलीत दोन जोड्यांनी एकच क्रमांक घेतला, तर संदेशांची सरमिसळ होते. म्हणून शिक्षकांनी तासाच्या सुरुवातीलाच प्रत्येक जोडीला वेगळा क्रमांक नेमून द्यावा.