बाईच्या हाती डग्गा

मालगुंड हे केशवसुतांचे गाव. १८९३ साली ‘तुतारी’ लिहिणारा कवी १८६६ मध्ये येथे जन्मला, हे येथील श्रोत्यांना आम्ही सांगावे असे नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते निराळेच. शिमग्यात पालखीपुढे ढोल घुमतो, तो गळ्यात अडकविण्याचा मान परंपरेने कोणाचा? पुरुषाचा! बाईने ओवाळावे, फार तर गावे. कातडे बडविणे तिला शोभत नाही, ही जुनी समजूत.

गाण्यात बाई चालत असे, पण बहुधा कलावंतीण म्हणून. आणि मागे तबल्यावर, सारंगीवर पुरुष. गळा बाईचा, ताल पुरुषाचा, अशी वाटणीच पडून गेली होती. हिराबाई बडोदेकरांनी (१९०५–१९८९) तिला पहिला धक्का दिला. हावभाव नाहीत, अदा नाही. साध्या वेषात बसून त्यांनी तिकीट लावलेल्या जाहीर मैफली केल्या, आणि घरंदाज मुलींना गाणे शिकविण्याचे धैर्य आईबापांना आले. रंगभूमीवर तर बाईने कसे चालावे, शालू कसा नेसावा, हे महाराष्ट्राला बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषाने शिकविले! १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा ती चाल बदलू लागली.

पण तबला पुरुषाकडेच राहिला. बोटे राठ होतात, अंग हलते, जोर पुरत नाही, अशी कारणे सांगत. मुंबईच्या पारशी घराण्यातील आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी साथच काय, स्वतंत्र तबलावादन केले. वर पखवाज-तबल्याच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. पुढे १९९६ मध्ये अनुराधा पाल यांनी ‘स्त्रीशक्ती’ हा स्त्रियांचाच वाद्यवृंद काढला. विलायतेत ‘हेवी मेटल’ नावाचे विजेच्या गिटारींचे दणदणीत संगीत आहे. तेथेही हा आवाज पुरुषी मानला जाई. लंडनमध्ये १९७८ साली ‘गर्लस्कूल’ हा मुलींचा संच निघाला, तेव्हा त्यांना हेच ऐकावे लागले. ‘मुली असून बऱ्या वाजवतात’ ही शाबासकी आम्हांस तर शिवीहून वाईट वाटते.

राहता राहिला जोराचा प्रश्न. विहिरीवरून हंड्यावर कळशी ठेवून घाटी चढणारी, बंदरावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडणारी बाई कोकणाने पिढ्यानपिढ्या पाहिली. तिचा जोर कोणी मोजला नाही. आता पुण्याच्या गणेशोत्सवातील पथकांत मुली कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवितात.