पडीत लहरींचे वतनदार

‘टायटॅनिक’ बोट बुडाली त्याच वर्षीं, म्हणजे १९१२ सालीं, अमेरिकेच्या सरकारनें बिनतारी संदेशांविषयीं एक कायदा केला. हौशी पोरांच्या कडकट्टामुळें आरमाराच्या संदेशांत व्यत्यय येतो, अशी ओरड होतीच. कायद्यानें या मंडळींना दोनशें मीटर व त्याहून आंखूड लहरींवर ढकललें. लहर जितकी लांब तितकी तिची मजल मोठी, असें त्या काळचे जाणते लोक समजत. तेव्हां आंखूड लहरी देणें म्हणजे खडकाळ माळ इनाम देऊन वतनदारी मिरवावयास सांगण्यासारखेंच होतें.

त्या माळाची हद्द खरोखर कोठवर जाते याचा निवाडा १९२१ च्या डिसेंबरांत झाला. अमेरिकेंतील हौशी संघानें पॉल गॉडली या निष्णात श्रोत्यास स्कॉटलंडला धाडलें. आर्ड्रॉसन गांवाजवळ, समुद्रकांठच्या ओल्या रानांत, त्यानें तंबू ठोकला; सुमारें तेराशें फूट तार खांबांवरून नेली आणि थंडीवाऱ्यांत रात्रीमागून रात्र कान लावून तो बसला. त्याच्या हातचें ग्रहणयंत्र ज्या आर्मस्ट्राँगच्या युक्तीवर चाले, तोच आर्मस्ट्राँग पलीकडे ग्रीनिच येथील केंद्र उभारणाऱ्यांत होता. ११ डिसेंबरच्या सुमारास त्या केंद्राचा एक संबंध संदेश अटलांटिक ओलांडून तंबूंत उतरला. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्सचा लेओं दलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल हे शंभर मीटरांच्या आसपास परस्परांशीं बोलले. मग काय विचारतां! ज्यांनीं हा माळ निरुपयोगी ठरविला होता, तींच सरकारें आणि त्याच कंपन्या त्यावर हक्क सांगण्यास धांवल्या.

या इतिहासाचें एक पान आपल्या गिरगांवांत लिहिलें गेलें आहे. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हिंदुस्थानांतील हौशी परवाने रद्द झाले. तरीहि २७ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या एका घरांतून ४२.३४ मीटरांवर काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. हौशी मंडळींचा चाळीस मीटरांचा म्हणून जो पट्टा आहे, त्याच्या अगदीं आंत तो पडतो. हा योगायोग नसावा असें मला वाटतें. कारण यंत्र सिद्ध करणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी बिनतारीवालेच होते. उषा मेहता त्या वेळीं बावीस वर्षांच्या होत्या. त्या आणि त्यांचे सहकारी पोलिसांच्या शोधक यंत्रांना चुकवीत बिऱ्हाड बदलीत राहिले. गिरगांवांतील पारेखवाडी हें त्यांतलें एक. अखेर प्रिंटर पोलिसांच्या हातीं लागले, त्यांनीं जागा दाखविली, आणि १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या बंगल्यांत सारा खेळ आटोपला. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ सालीं येरवड्याहून त्या सुटल्या. घरांत प्रक्षेपक ठेवणें या गोष्टीकडे सत्ताधारी किती गंभीरपणें पाहतात, हें यावरून उमगतें.

आज परीक्षा देऊन परवाना मिळतो आणि शिक्षेचें भय उरलेलें नाहीं. हौशी मंडळी १६०, ८० व ४० मीटरांवर स्पर्धा लढवितात. १६० मीटरांची एक मोठी स्पर्धा जानेवारीच्या अखेरीस असते: अठ्ठेचाळीस तास, फक्त मोर्सच्या लिपींत. देवघेव म्हणाल तर आंकड्यांची. ५९९, आणि भारताचा विभाग २२. ५९९ याचा अर्थ ‘अत्युत्तम ऐकूं येतें’. पण आवाज कितीहि क्षीण असो, प्रत्येक जण तेंच सांगतो. लग्नांत जेवण उत्तम झालें म्हणतात, तशांतलेंच हें.

खरी अडचण निराळीच आहे. दिवसा आकाशांतील खालचा विद्युन्मय थर या लांब लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो आणि वाट मोकळी होते. पण मोकळ्या वाटेनें आलेलें ऐकावयाचें कसें? अर्ध्या लहरीएवढी तार सुमारें ऐंशी मीटर होते, ती पुण्याच्या सदनिकेवर कोठें ताणणार? त्यांतून दिव्यांचीं, भ्रमणध्वनीच्या चार्जरांचीं, उद्वाहकांचीं विद्युत् मंडलें रात्रभर या पट्ट्यांत घरघरत असतात. ज्या शहरी घरांतून एके काळीं बोलणें गुन्हा होता, त्याच घरांतून आतां ऐकणें दुरापास्त झालें आहे. आणि याविरुद्ध कोणा पोलिसाकडे तक्रारहि करतां येत नाहीं.

म्हणून माझें लक्ष पासलीकडे जातें. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तोरण्याच्या आसमंतांत हें खेडें आहे. डोंगर आडवे येतात हें खरें, पण दोनशें मीटरांच्या शेजारच्या लहरी आकाशावर आपटून येत असल्यामुळें त्यांना डोंगराची तितकी तमा नाहीं. अशा गांवीं एखाद्या घराच्या परसांतून झाडाझाडांवर तार नेतां येते आणि गॉडलीच्या माळासारखी शांतता थोडीफार लाभूं शकते. स्पर्धा आपल्या घड्याळाप्रमाणें शनिवारीं पहाटे साडेतीनला उघडते. तेथून सूर्योदयापर्यंत साडेतीन तासांच्या आंतबाहेर वेळ मिळतो. त्यांत यूरोप गांठावयाचा, आणि मग संध्याकाळपर्यंत कानावरचे फोन उतरून ठेवावयाचे.