जुळणीचा संगणक आणि गोंदियाचे ऊन
1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेण्याची, म्हणजे ‘असेंबल’ करण्याची, रीत चांगलीच रुळली होती. आदल्या वर्षी आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर, मदरबोर्डवरील बसचा, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गाचा, वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केल्यास, 300 ऐवजी बहुधा 450 मेगाहर्ट्झने चाले. कंपनीने नेमून दिलेल्या वेगापलीकडे जाण्याच्या या युक्तीस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेगाबरोबर उष्णताही वाढते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या गोंदियात कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच तापलेली असल्याने हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग, प्रोसेसरइतकाच पारखून घ्यावा लागतो. म्हणून हीटसिंककडे दुर्लक्ष करून सारा पैसा ग्राफिक्स कार्डावर ओतण्याची हौस येथे महागात पडते.