इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी एजन्सी पारखून घ्या!



२०१६ च्या दरवाढीनंतरही कुवेतमध्ये साधे पेट्रोल ८५ फिल्सला लिटर मिळत आले आहे. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीचा विचार इथे उशिरा सुरू झाला. आता मात्र शोरूममध्ये या गाड्या दिसू लागल्या आहेत आणि "घ्यावी का?" असा प्रश्न आपली मंडळीही विचारू लागली आहेत. गाडी चांगली की वाईट हा या लेखाचा विषय नाही. गाडी बिघडली तर पुढे काय होते, हे घेण्यापूर्वीच कसे जाणून घ्यावे, एवढेच इथे सांगायचे आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची नवी गाडी ऐन ऑगस्टमध्ये इमारतीच्या पार्किंगमध्येच बंद पडली. दरवाजेसुद्धा उघडेनात! टो करून एजन्सीत नेली. लागणारा भाग परदेशातून यायचा होता, त्यात पाच आठवडे गेले. तोवर दुसरी गाडी मिळाली नाही, बँकेचा हप्ता मात्र वेळेवर कापला गेला. मुख्य बॅटरी ठणठणीत होती. दोष निघाला तो छोटी बॅटरी चार्ज करणाऱ्या भागात.

बिघाड नेमका कुठे होतो?

१) १२ व्होल्टची छोटी बॅटरी: इलेक्ट्रिक गाडीतही ही असते. लॉक, स्क्रीन आणि गाडीचे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. ती बसली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. इथल्या उन्हात साधी बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत दम तोडते, हे आपण सर्वच जाणतो.

२) चार्जिंगचा कंट्रोल युनिट: ह्युंदाई, जेनेसिस आणि किया यांच्या काही इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये याच भागामुळे १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नव्हती आणि चालत्या गाडीची ताकद जाण्याचा धोका होता. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच भागासाठी पुन्हा सुमारे २ लाख ८ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला. म्हणजे कंपनी नावाजलेली असली तरी तपासणी टाळू नये.

३) मुख्य बॅटरी आणि उष्णता: २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा हवेत बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा फार महत्त्वाची. निसान लीफच्या पहिल्या मॉडेलमध्ये द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातील मालकांनी बॅटरीची क्षमता झपाट्याने घटत असल्याच्या तक्रारी केल्या. त्या वर्षाअखेर कंपनीने तिथे क्षमतेची वॉरंटी जाहीर केली: ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत १२ पैकी ९ रेघांखाली क्षमता गेली, तर दुरुस्ती किंवा बदल. आपली हवा ॲरिझोनासारखीच असल्याने हा धडा आपल्यालाही लागू पडतो.

४) जाहिरातीतील पल्ला: पुण्याजवळ तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ कि.मी. होता. गाडी २०० कि.मी.च्या पुढे जात नाही, अशा तक्रारीवरून मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने या गाडीचे अनुदान थांबवले. पुढे उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. बोध इतकाच की प्रमाणित आकडा हा चाचणीतला असतो. फहाहील रोडवर १२० च्या वेगाने, एसी पूर्ण लावून तो मिळेल असे धरू नये.

एजन्सीला हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या

* मुख्य बॅटरीची वॉरंटी किती वर्षे, किती कि.मी.? क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर ती लागू होते?
* बॅटरी उघडून दुरुस्त करणारा प्रशिक्षित माणूस कुवेतमध्ये आहे का? की गाडी दुबईला पाठवावी लागेल?
* सुटे भाग इथल्या गोदामात आहेत का?
* गाडी १० दिवसांहून जास्त अडकली तर बदली गाडी मिळेल का?
* सॉफ्टवेअर अपडेट कुवेतमध्ये मिळतात का?
* वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर जाते का?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा आहे. आपला मुक्काम इकाम्यावर. नोकरी संपली तर महिन्या-दोन महिन्यांत गाडी विकावी लागते. ती भारतात नेता येत नाही, कारण डाव्या बाजूचे स्टिअरिंग असलेल्या वापरलेल्या गाडीला तिथे आयातीची परवानगी नाही. म्हणून वॉरंटी हस्तांतरित होत नसेल तर किंमत बरीच पडते.

बाहेरून आणलेली गाडी स्वस्त दिसली तर?

जीसीसी स्पेक नसलेल्या गाडीची वॉरंटी स्थानिक एजन्सी बहुधा मानत नाही. अमेरिका, युरोप आणि चीनमधील चार्जिंगचे सॉकेट वेगवेगळे असतात, हेही पाहावे. गाडी अमेरिकेतून आली असेल तर तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या यादीत १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का, हे फुकट तपासता येते. शिवाय कंपनीच बुडाली तर? जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फिस्कर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिच्या ग्राहकांपुढे सुटे भाग व सॉफ्टवेअरचा मोठा प्रश्न उभा राहिला.

तक्रार कशी करावी?

प्रत्येक वेळी जॉब कार्डची प्रत मागून घ्या. गाडी दिल्याची आणि मिळाल्याची तारीख त्यावर असू द्या. स्क्रीनवरील इशाऱ्याचा फोटो काढून ठेवा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, ई-मेल करा. कुवेतमध्ये २०१४ चा ग्राहक संरक्षण कायदा क्रमांक ३९ लागू आहे. एजन्सीने दाद दिली नाही तर वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करता येते, फोन १३५. तिथे आपला इकामा असो वा सिव्हिल आयडी, महत्त्व कागदांना आहे. बिल आणि करार अरबीत असेल तर सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्या.

आणि एक घरगुती सल्ला: फ्लॅटमध्ये राहत असाल तर चार्जिंगबद्दल घरमालकाची परवानगी आधी घ्या. हारिसच्या खोलीतून एक्स्टेन्शन वायर ओढून गाडी चार्ज करू नका, ते धोक्याचे आहे.

गाडी एकदाच विकत घ्यायची असते, एजन्सीशी संबंध मात्र पुढे कित्येक वर्षांचा असतो. म्हणून शोरूम पाहून झाल्यावर सर्व्हिस सेंटरलाही एक चक्कर जरूर मारा. तिथे बाहेर थांबलेल्या दोन मालकांशी बोललात तर ब्रोशरपेक्षा जास्त कळेल!

आपणास सुरक्षित प्रवासाच्या शुभेच्छा.