पृथ्वीचे छायाचित्र आणि नंदुरबारची जमीन

पूर्ण पृथ्वीचे सर्वांत गाजलेले छायाचित्र ७ डिसेंबर १९७२ चे आहे. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १७ यानातून, उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी आणि जवळपास २९,००० किलोमीटर अंतरावरून ते हॅसलब्लाड कॅमेऱ्याने टिपले गेले. त्याआधी १९६७ मध्ये उपग्रहांनी पूर्ण बिंबाची रंगीत चित्रे पाठवली होती, १९६८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी अर्धी पृथ्वीही दिसली होती. पण या वेळी सूर्य यानाच्या पाठीशी असल्याने बिंब संपूर्ण उजळलेले मिळाले. ‘ब्लू मार्बल’ हे नाव त्याला पुढे चिकटले. मूळ फ्रेममध्ये दक्षिण ध्रुव वर होता. नासाने ती फिरवून प्रसिद्ध केली.

चित्रात दिसणारी बहुतेक जमीन आफ्रिका आणि अंटार्क्टिकाची आहे. आशियाचा मुख्य भूभाग ईशान्येच्या अगदी कडेला जातो आणि त्याच बाजूला, दोनच दिवसांपूर्वी तमिळनाडूवर धडकलेल्या चक्रीवादळाचा भोवरा दिसतो. भारतात तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. तिकडे वादळी पाऊस, तर महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी धुळे जिल्ह्यात मोडत असे; तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न घेऊन तिथल्याच शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटना उभी राहिली तीही १९७२ मध्येच.

जमिनीच्या दृष्टीने त्या वर्षीची महत्त्वाची घटना अपोलो नव्हे, लँडसॅट-१ ही होती. २३ जुलै १९७२ रोजी सोडलेला हा अमेरिकी उपग्रह तोच तो भूभाग ठरावीक दिवसांनी पुन्हा टिपत असे. त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ८० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे दीड एकराचा. शेत त्यात ओळखू येत नसे, पण नदी येई. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची नर्मदा पुढे सरदार सरोवराच्या फुगवट्याने रुंदावत गेली आणि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली आली. हा बदल पुढच्या उपग्रहचित्रांत टप्प्याटप्प्याने नोंदलेला आहे.

पूर्ण पृथ्वीबिंब भारताने स्वतः नियमितपणे पाहायला सुरुवात केली ती ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-१बी पासून. त्याआधीचा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच बंद पडला होता. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या या चित्रात भारत कडेला नसून मध्याच्या थोडा वर असतो. हवामान खात्याला ढग आणि वादळे हवी होती, ती मिळाली. उष्णतेच्या चित्रात एक ठिपका ११ किलोमीटरचा होता, त्यात अख्खे नंदुरबार शहर सहज मावे.

उपग्रहचित्र थेट शेताच्या बांधापर्यंत पोचले ते वनहक्क कायद्यामुळे. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला, कमाल चार हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. त्या तारखेला तिथे शेत होते की जंगल, हे मागे जाऊन दाखवणारे साधन म्हणून उपग्रहचित्र सोयीचे वाटते. पण सोयीचे म्हणजे नेमके नव्हे. भारतीय उपग्रहांच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरचा, साधारण साडेपाच गुंठ्यांचा. सातपुड्यात उतारावर लहान तुकडे कसले जातात आणि शेतातला मोह कोणी तोडत नाही. अशा तुकड्यात झाड, पीक आणि पडीक जमीन एकाच ठिपक्यात मिसळतात. वरून पाहणाऱ्याला ते विरळ जंगल वाटू शकते. पीक निघाल्यावरचे, उन्हाळ्यातले चित्र असेल तर गोंधळ आणखी वाढतो. अडीच मीटरपर्यंत तपशील देणारा कार्टोसॅट-१ नेमका ५ मे २००५ रोजी, मुदतीच्या सात महिने आधी अवकाशात गेला, त्यामुळे त्यापूर्वीच्या वर्षांसाठी त्याचा उपयोग नाही.

म्हणून जमिनीवरचा पुरावा मागे पडता कामा नये. दगडी बांध, सपाटीकरण, झोपडी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे सगळे नियमांनी पुरावा म्हणून मान्य केले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच म्हटले: उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही.