गेम लावला की कॉम्प्युटर बंद: एका जुन्या दुखण्याचा इतिहास

आजचा प्रश्न साधा आहे. कॉम्प्युटर एरवी नीट चालतो, यूट्यूब चालतं, फॉर्म भरले जातात, पण जड गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत धाडकन बंद. असं का होतं? या दुखण्याला जवळपास ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला तर खिशातले बरेच पैसे वाचतात.

मी मुलचेऱ्याचा. आमच्याकडे मशीन दुरुस्तीला न्यायचं म्हणजे आष्टी-गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर. अख्खा दिवस गेला समजा. उन्हाळ्यात माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरला हेच झालं. दुकानदाराने फोनवरच सांगून टाकलं, "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन टाका." खर्च वीस हजारांच्या वर. त्याच मशीनवर पोरगा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो, त्यावर त्याचा महिन्याचा खर्च निघतो. म्हणून म्हटलं, थांब, आधी नीट पाहू.

आता मागे जाऊ. १९४६ साली अमेरिकेत एनिअॅक हा संगणक लोकांसमोर आला. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. एक ट्यूब उडाली की गणित चुकायचं. तिथल्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं की ट्यूब बहुतेक वेळा मशीन चालू किंवा बंद करताना, म्हणजे तापताना आणि थंड होताना जातात. मग त्यांनी मशीन शक्यतो बंद करणंच सोडलं, आणि ट्यूब त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी ताणावर चालवल्या. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये टिफ्रॅक सुरू केला, त्यातही सुमारे २,७०० ट्यूब होत्या. उष्णता आणि वीजपुरवठा, ही दोन दुखणी तेव्हापासूनची आहेत.

गेमिंगने ती घरात आणली. १९९६ च्या वूडू कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारी वीज पुरायची. २००० साली आलेल्या वूडू ५ ५५०० ला मात्र वेगळी वायर जोडावी लागली. २००४ पासूनच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात. ते कमी पडले म्हणून ६ पिनांची, मग ८ पिनांची वायर आली. २०२२ मध्ये तर एकाच कनेक्टरवर ६०० वॉटपर्यंतची सोय झाली. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी वीज एकटं कार्ड घेऊ शकतं. यूट्यूब पाहताना हेच कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं. म्हणून दोष गेममध्येच उघडा पडतो.

खरी गंमत पुढे आहे. मशीन बंद पडतं तेव्हा जे दिसतं, त्यावरून दोषी नेमका सापडतोच असं नाही.

२००० नंतरच्या काही वर्षांत जगभरातले मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय अकाली मरू लागले. लोक विंडोज पुन्हा टाकत, रॅम बदलत. दोष होता कपॅसिटरमधल्या निकृष्ट द्रावणात. डबीचं टोक फुगायचं, गळायचं. झाकण उघडून पाहिलं की डोळ्यांना दिसायचं. पुढे एक्सबॉक्स ३६० चे लाल दिवे लागू लागले. उष्णतेने सोल्डरचे सांधे तडकत होते. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी वाढवण्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

सगळ्यात ताजं उदाहरण इंटेलचं. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम बंद पडायचे आणि संदेश यायचा, 'व्हिडिओ मेमरी संपली'. कोणीही ग्राफिक्स कार्डालाच दोष देईल. २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसरच जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने खराब होत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षं वाढली. तोवर कितीतरी लोकांनी चांगली कार्डं बदलून पाहिली असतील.

विंडोजमध्येही हाच घोळ आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं की लोक म्हणतात, पॉवर सप्लाय गेला. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर बंद झालं नाही. का झालं नाही, ते तिलाही ठाऊक नसतं.

आता आमच्या भागाकडे या. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र १९८३ पासून वीज तयार करतंय, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. चंद्रपूरहून थेट पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब लाइन मुंबईच्या दिशेने वीज नेते. आणि आमच्या जंगलातल्या गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी, सगळे कूलर सुरू झाले की स्टॅबिलायझरचा काटा १७० वर.

याचा गेमशी काय संबंध? ४०० वॉट ओढायला २३० व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर लागतात, १७० व्होल्टवर सुमारे २.४. म्हणजे स्वस्तातला एसएमपीएस आधीच तापलेला, त्यात आणखी करंट. शिवाय पुरवठा क्षणभर तुटला तर चांगला एसएमपीएससुद्धा जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. बल्ब नुसता लुकलुकतो, कॉम्प्युटर मरतो. आणि बाहेर पारा ४५ च्या वर असला की कॅबिनेटमध्ये खेचली जाणारी हवाच गरम.

मग आम्ही काय केलं? एक-एक गोष्ट, क्रमाने.

पहिलं, बंद कसा होतो ते पाहिलं. निळा स्क्रीन आला तर रॅम, ड्रायव्हर असे संशयित. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला तर वेगळे. इथे थेट अंधार व्हायचा, म्हणजे वीज किंवा उष्णता. दुसरं, धूळ काढली आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर तापमान पाहिलं. प्रोसेसर ७८ अंशांवर, ठीक. तिसरं, मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅम तपासली. चौथं, प्राइम९५ ने फक्त प्रोसेसरवर भार टाकला, मग फर्मार्कने फक्त कार्डावर. दोन्ही पास. दोन्ही एकत्र लावले आणि मशीन बंद!

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे कार्ड चांगलं आहे?" मी म्हटलं, अजून एक बघू. गेमचा वेग ६० फ्रेमवर बांधला, कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली. दोन तास गेम चालला. मग मित्राचा चांगला एसएमपीएस उसना आणून लावला आणि सगळ्या मर्यादा काढल्या. तरीही चालला. शेवटी चार हजारांच्या आत नवा एसएमपीएस आला. कार्ड जुनंच आहे.

दुकानदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. फोनवर व्होल्टेज दिसत नाही. पण एनिअॅकवाल्यांनी जे केलं तेच आपल्याला करता येतं: कधी बंद पडतं त्याची वहीत नोंद ठेवायची, भार कमी करून पाहायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुमचं मशीन दुपारी आणि मध्यरात्री वेगळं वागतं का, एवढं पहिल्या पानावर लिहा. त्या नोंदीला पैसे लागत नाहीत.

तुमच्या गावचा काटा संध्याकाळी किती दाखवतो, तेही नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.